मॅडमचा लांब सूर

“खोकायचं असेल तर आत्ताच खोकून घ्या गं बायांनो,” खानझोडे मॅडम म्हणाल्या, आणि क्लबच्या हॉलमध्ये आम्ही सगळ्याजणी आज्ञाधारकपणे खोकलो.

मग त्यांनी पुढचे कार्यक्रम सांगितले. पंधरा ऑगस्टला झेंड्यापाशी एक गाणं, गणपतीत आरतीआधी दोन, आणि दिवाळीनंतर नागपूरला आंतर-वसाहत समूहगान स्पर्धा. “तिच्यासाठी आजपासून रोज तालीम. रोज म्हणजे रोज. पाहुणे आले, मावशी वारली, काही चालणार नाही.”

“आणि आपण स्वतःच वारलो तर?” कडू काकूंनी विचारलं. त्यांचे मिस्टर लेखा विभागात होते आणि निवृत्तीला आले होते, त्यामुळे त्यांना कुणाची भीती उरली नव्हती.

“तर आधी कळवा, कडू. मी तुमच्या जागी दुसरी उभी करते.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण माझं लक्ष भिंतीवरच्या इंटरकॉमकडे होतं. जुई दीड वर्षाची होती. सकाळी तिच्या कपाळाला हात लावला तेव्हा गरम वाटलं होतं, आणि थर्मामीटर काही म्हणत नव्हता. माझा थर्मामीटरपेक्षा हातावर विश्वास जास्त. घरी पंचफुलाबाई होत्या, क्लबचा नंबर त्यांना पाठ करून घेतला होता, तरी दारापर्यंत जाऊन मी दोनदा परत फिरले होते.

आमची ती वसाहत औष्णिक वीजकेंद्राची होती. धुराड्यांची राख तुळशीच्या पानांवर बसायची, वाळत घातलेल्या दुपट्यांवर बसायची. मी रोज सकाळी जुईची दुपटी झटकायचे आणि तिच्या छातीला कान लावून श्वास ऐकायचे. नितेश म्हणायचा, “अगं, ती मुलगी आहे, बॉयलर नाही.”

वसाहतीत करण्यासारखं फार काही नव्हतं. म्हणून मॅडमचा गानसमूह. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. बारीक आवाजाच्या बायका वर, जाड आवाजाच्या खाली, मधल्या दोन थरांत बाकीच्या, आणि चारही थर एकमेकांत बसले की हॉलच्या काचा हलक्या थरथरायच्या. कॉलेजात मी असल्याच समूहात चार वर्षं गायले होते. लग्न करून इथे आल्यावर पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटलं होतं.

फक्त एक होतं. आम्ही उभ्या राहायचो त्या आवाजाप्रमाणे नाही, नवऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण क्वार्टर जसे मिळतात तशाच जागाही मिळत. मुख्य अभियंता खानझोडे साहेबांच्या पत्नी म्हणून मॅडम सगळ्यांच्या पुढे, माईकपाशी. त्यांच्या मागे दोन अधीक्षक अभियंत्यांच्या सौभाग्यवती, ज्या नुसते ओठ हलवायच्या. एकदा मॅडमनीच त्यांना गोड शब्दांत तसं सांगितलं होतं. मग कार्यकारी, मग आम्ही. सगळ्यांत मागे, कोपऱ्यात, शेख भाभी. त्यांचे मिस्टर फोरमन होते. भाभींचा आवाज असा, की आम्ही सगळ्या गप्प बसलो असतो तरी गाणं उभं राहिलं असतं. पण कोपरा तो कोपरा. मॅडम बायकांना हाकही आडनावानेच मारायच्या, ऑफिसातल्यासारखी. कडू. शेख. ठोंबरे.

ठोंबरे म्हणजे मी. माझा नवरा कनिष्ठ अभियंता, तोही प्रोबेशनवर. माझी जागा खरं तर शेख भाभींच्या शेजारची. पण मी उभी राहायचे मॅडमच्या बरोब्बर मागे, त्या दोन ओठ हलवणाऱ्या बायकांच्या मध्ये. त्याचंही एक कारण होतं.

आमचं मुख्य गाणं उजेडाचं होतं, वसाहतीतल्याच एका निवृत्त मास्तरांनी लिहिलेलं. शेवटची ओळ मॅडम एकट्या म्हणायच्या. ‘ये घरा, ये प्रकाशा’. आणि त्या शेवटच्या ‘शा’वर लांब सूर. खाली आम्ही सगळ्या गुणगुणायचो आणि वर तो सूर एकटा जात राहायचा. मॅडमचा आवाज सुरेख होता, यात वाद नाही. श्वास मात्र आखूड. आदल्या वर्षी एका तालमीत त्यांचा सूर मधेच लटपटला आणि मी, सवयीने, तोच सूर खालून उचलून धरला. समूहात असंच शिकवतात. एकीचा श्वास संपला की शेजारणीने धरायचं, आधी हळू, मग भरून, ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये.

मॅडमनी वळून पाहिलं होतं. रागावतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, “शर्वरी, तू माझ्या मागेच उभी राहत जा.” त्या मला नावाने हाक मारायच्या ते त्या एकाच बाबतीत.

त्यानंतर त्या अर्धा सूर घेऊन थांबायच्या. तोंड उघडं, हात पुढे, डोळे मिटलेले. उरलेला अर्धा मी त्यांच्या खांद्यामागून माईकमध्ये सोडायचे. गेल्या स्पर्धेत त्यांना उत्कृष्ट एकल स्वराची ढाल मिळाली, ती त्यांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात होती. भेळ खायला बोलावलं होतं तेव्हा ती त्यांनी मला दाखवलीही, मी कधी पाहिली नसावी अशी.

तर त्या दिवशी, तालीम अर्ध्यावर आलेली असताना, फोन वाजला.

तालमीत फोन फक्त मॅडम उचलत, हा नियम होता. त्या गेल्या, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. “हो... हो... बरं, सांगते.” रिसीव्हर ठेवून परत आल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहतेच, आई झाल्यापासून. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

“शेवटचं कडवं परत,” त्या म्हणाल्या.

ते झालं. मग पुन्हा एकदा घेतलं, कारण मधल्या थरात कुणीतरी घसरत होतं. मी दोन्ही वेळा लांब सूर धरला. मग चहा आला. बशीत चहा ओतता ओतता मॅडम म्हणाल्या, “अगं ठोंबरे, तुझ्या त्या बाईचा फोन होता मघाशी. मुलीला बरं नाहीये म्हणे जरा.”

माझ्या हातातला कप मी कुठे ठेवला ते मला आठवत नाही. घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, दवाखान्यात नेलंय. मी दवाखान्यात पोचले तेव्हा जुई कॉटवर पडली होती, ओल्या टॉवेलात, ओठ निळसर, डोळे अर्धे उघडे आणि माझ्याकडे न पाहणारे.

“तापातला झटका होता,” डॉक्टर म्हणाले. “आता थांबलाय. बाईंनी उचलून आणलं ते बरं केलं. वाट पाहत बसल्या असत्या तर अवघड होतं.”

पंचफुलाबाई कॉटच्या पायाशी जमिनीवर बसल्या होत्या. त्यांचा पदर घामाने भिजला होता.

“म्या सांगतलं ना बाई त्याइले फोनवर. पोरगी थरथर कापून रायली, डोये पांढरे झाले, लवकर पाठवा म्हनून. थ्या बाईनं म्हटलं, हो, हो, सांगते. म्या वाट पायली. मंग उचललं अन् पयाली.”

त्यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली. ती मी नितेशलासुद्धा सांगितली नाही.

तीन दिवसांनी मी तालमीला गेले. जायचं नव्हतं. नितेश म्हणाला, “शर्वरी, माझ्या कन्फर्मेशनच्या कागदावर खानझोडे साहेबांची सही व्हायचीय. तू आत्ता भांडू नकोस.”

“मी भांडणार नाही.”

“मग असं का बघतेयस?”

“कसं?”

तो डबा उचलून शिफ्टला गेला.

मी भांडले नाही, पण विचारलं. सगळ्या जमायच्या आधी, मॅडम सतरंजी झटकून घेत होत्या तेव्हा. “मॅडम, पंचफुलाबाईंनी तुम्हाला सांगितलं होतं ना, जुईचे डोळे फिरले म्हणून?”

“अगं, त्या बायका काहीही सांगतात. जरा कणकण आली की डोळे फिरले.” त्यांनी सतरंजीचं टोक माझ्या हातात दिलं. “आणि मी सांगितलं नाही का तुला? म्हटलं, गाणं संपू दे, मग सांगू. एका कडव्याने काय होणार होतं? आता बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“मग झालं तर.” तोवर बायका आत येत होत्या. मॅडम मोठ्याने म्हणाल्या, “आमच्या ठोंबरेंना मूल शिंकलं तरी ॲम्ब्युलन्स लागते बरं का!”

बायका हसल्या. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, जुईला काय झालं होतं ते त्यांना माहीत नव्हतं. शेख भाभी तेवढ्या हसल्या नाहीत.

मी सतरंजी घातली, जागेवर उभी राहिले आणि गायले. मी त्या दिवशी आयुष्यात गायले नसेन इतकं सुंदर गायले. शेवटचा सूर मी इतका अलगद घेतला आणि इतका लांब नेला, की मॅडमनी डोळे उघडून वर छताकडे पाहिलं.

“वा!” कडू काकू म्हणाल्या. “मॅडम, यंदा तर तुमचा श्वास वाढला की हो.”

“प्राणायाम,” मॅडम म्हणाल्या.

मी रोज तो सूर थोडा थोडा लांबवत नेला. माझा खरोखरच श्वास वाढला होता. जुईला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारताना मी पावलांवर श्वास धरायचे, तिच्या अंगाचा ताप गेला आहे ना हे गालाने तपासत. तिला झोप लागायची. मला हल्ली झोपच नव्हती, ती झोपली की मी तिची छाती हलतेय ना ते बघत बसायचे. बघता बघता माझं सगळं ठरत गेलं.

गणपती झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब स्वतः मॅडमना म्हणाले, “हे एवढं कधी शिकलीस?” मॅडम लाजल्या. मला त्यांना लाजताना पाहून मौज वाटली, म्हणजे बोका उंबऱ्यावर बसून उंदराची मौज बघतो तशी.

नवरात्र सरल्यावर एका तालमीत मी म्हणाले, “मॅडम, एक सुचवू का?”

“बोल.”

“शेवटी आम्ही खाली गुणगुणतो ना, त्याने तुमचा सूर झाकला जातो. तुमचा सूर लागला की आम्ही सगळ्यांनी गप्प व्हावं. नुसता तुमचा आवाज. अख्ख्या सभागृहात एकटा.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. ‘आम्ही सगळ्यांनी’मध्ये मी नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. त्यांच्या डोळ्यांत ते सभागृह दिसत होतं मला, पहिल्या रांगेत मुख्यालयातले मोठे साहेब, त्यांच्या शेजारी खानझोडे साहेब. यंदा त्यांची बढती व्हायची होती.

“जमेल ना?” त्यांनी हळूच विचारलं. “इतका वेळ?”

“तुमचा श्वास आता छान वाढलाय,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्या गालाला हात लावला. “गुणाची आहेस गं, शर्वरी.”

तालीम सुटल्यावर शेख भाभी सायकल स्टँडपाशी थांबल्या होत्या. “काय शिजवून राहिली तू?”

“कुठे काय?”

“मी मागे उभी असते ना, मला सगळ्यांच्या माना दिसतात. कोणाची मान कधी फुगते ते कळते. ढाल कोणाची आहे ते मला मागच्या सालीच कळलं.” त्यांनी पिशवी हँडलला अडकवली. “मी काही विचारत नाही. पण त्या जागी तुला आवाज कमी पडला, तर मी उचलू का?”

“नका उचलू, भाभी.”

त्यांनी सायकल स्टँडवरून काढली. “बच्ची ठीक आहे?”

“ठीक आहे.”

“अच्छा,” त्या म्हणाल्या आणि सायकल हातात धरून चालत गेल्या.

नागपूरला आम्ही कंपनीच्या बसने गेलो. बसमध्येही तीच उतरंड, पुढची सीट मॅडमची, शेवटची शेख भाभींची. मुलं आणायची नाहीत असं ठरलं होतं, म्हणून नितेश जुईला घेऊन वेगळा, एस्टीने आला. सभागृहात तो मागच्या दाराजवळ बसला होता, जुई त्याच्या मांडीवर बिस्किट खात होती. स्टेजवरून मी आधी तिला शोधलं, तिच्या तोंडात बिस्किट आहे आणि ते फार मोठं नाही याची खात्री करून घेतली, आणि मग समोर पाहिलं.

गाणं चांगलं झालं. हे सांगितलंच पाहिजे. चारही थर असे बसले होते की अंगावर काटा आला. परीक्षकांतले एक वयस्कर गृहस्थ डोळे मिटून मान हलवत होते. मग मॅडम एक पाऊल पुढे झाल्या. निळी पैठणी, केसात अबोली. हात पुढे.

“ये घरा, ये प्रकाशाऽऽ”

आम्ही सगळ्या ठरल्याप्रमाणे गप्प झालो. सभागृहात फक्त त्यांचा सूर होता, आणि तो खरंच सुंदर होता. पहिला अर्धा त्यांचाच असायचा.

मी त्यांच्या पाठीकडे पाहत होते. ब्लाउजच्या काठाशी त्यांच्या पाठीचे स्नायू कसे आवळतात ते मला पाठ झालं होतं. ते आवळले. सूर पातळ व्हायला लागला. माझा श्वास भरलेला होता, पोटापर्यंत, अगदी तयार. त्यांनी डोळे मिटून घेतले असणार, कारण मान थोडी मागे झाली. निर्धास्त. त्यांचा सूर थांबला.

मी तोंड मिटून घेतलं.

पंचफुलाबाईंनी दवाखान्यात मला सांगितलं होतं ते हे. दवाखान्याचा रस्ता क्लबच्या मागून जातो. जुईला छातीशी धरून त्या पळत होत्या, तेव्हा क्लबच्या खिडक्या उघड्या होत्या. “तुमचं गानं चालू होतं, बाई. एकच लांब आवाज लागला होता. म्या वयखला, तुमचाच होता. वाटलं, हाक मारावं. पन इतका गोड लागला होता, बाई, की म्या मनात म्हटलं, यायले कायी मालूमच नाही.”

मॅडमच्या मागे डावीकडे आणि उजवीकडे दोन बायका नुसते ओठ घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे सूर नव्हता, कधीच नव्हता. ज्यांच्याकडे होता त्या हुद्द्याने दूर उभ्या होत्या. कोपऱ्यातून भाभी तो उचलू शकल्या असत्या. मी मान वळवून पाहिलं नाही. भाभी गप्प होत्या.

आणि मॅडम तशाच उभ्या. तोंड उघडं, हात पुढे, चेहऱ्यावर तो गाण्यात बुडालेला भाव. आवाज नाही. माईकमधून फक्त पंख्याची घरघर येत होती. डोळे मिटून मान हलवणाऱ्या परीक्षकांनी डोळे उघडले. कुणीतरी मागे फिस्सकन हसलं, मग आणखी कुणी. खानझोडे साहेबांनी आधी माईककडे पाहिलं, मग बायकोच्या उघड्या तोंडाकडे. मोठ्या साहेबांनी रुमाल तोंडाला लावला.

मॅडमना कळायला वेळ लागला. वर्षभरात त्यांना स्वतःचा आवाज कुठे संपतो ते ऐकायची सवयच राहिली नव्हती.

पडदा पडल्यावर ग्रीनरूममध्ये त्या माझ्यावर धावूनच आल्या. “तू का नाही—”

सगळ्या बायका वळल्या. कडू काकूंच्या हातात वेणी होती, ती तशीच राहिली.

“काय, मॅडम?” मी विचारलं.

त्यांचं तोंड पुन्हा तसंच उघडं राहिलं. पुढचा शब्द येत नव्हता. तो येणारच नव्हता, ते मी आधीच तपासून ठेवलं होतं.

“काही नाही,” त्या म्हणाल्या.

“माईकच गेला असेल हो,” कडू काकू म्हणाल्या. पण माईकमधून पंखा ऐकू आला होता.

नितेश जुईला माझ्याकडे द्यायला आला तेव्हा पांढरा पडला होता. “हे तू केलंस.”

“मी काहीच केलं नाही.”

“माझी सही, शर्वरी!”

“होईल सही. काय सांगणार आहेत त्या साहेबांना? की माझा आवाज ठोंबरेची बायको गात होती?”

सही झाली. साहेबांना बढतीही मिळाली, तिचा गाण्याशी काही संबंध नव्हताच.

परतीच्या बसमध्ये मी जुईला मांडीवर घेऊन शेवटच्या सीटवर बसले, भाभींच्या शेजारी. आता कोण मला तिला घेऊ नको म्हणणार होतं! वर्धा मागे पडल्यावर मॅडम पुढून उठल्या आणि एकेका सीटचा दांडा धरत मागे आल्या. भाभी खिडकीबाहेर बघायला लागल्या.

“शर्वरी,” त्या खाली वाकून म्हणाल्या. “माझा श्वास संपला ते तुला कळलं होतं ना?”

“कळलं होतं.”

“मग?”

जुईने झोपेत माझा पदर मुठीत धरला होता. मी तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं.

“म्हटलं, गाणं संपू दे,” मी म्हणाले. “मग सांगू.”

बस खड्ड्यातून गेली तशा त्या हेलकावल्या. दांडा सुटला, पुन्हा धरला. त्यांनी जुईकडे पाहिलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि पुढे निघून गेल्या.

आता या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. जुई हॉस्टेलला असते आणि मी ‘कपाळाला हात लाव गं जरा’ म्हणून फोन करते, त्यावर ती हसते. मला नागपूरच्या त्या दिवसातलं काही बदलावंसं वाटलेलं नाही.

स्पर्धेनंतरची पहिली तालीम आठवते. मॅडम आल्या, पुढचे कार्यक्रम सांगितले, नेहमीसारखंच खोकून घ्यायला लावलं. शेवटचा लांब सूर त्यांनी गाण्यातून काढून टाकला होता. मी कोपऱ्यात, भाभींच्या शेजारी उभी होते. मला तिथे कुणी पाठवलं नव्हतं.

दुसऱ्या कडव्यात फोन वाजला.

मॅडमनी हात वर केला आणि गाणं तिथल्या तिथे थांबलं, शब्दाच्या मध्यावर. त्या पळत गेल्या. मी त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं.

“कडू!” त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं. “लवकर या. तुमच्या घरी सिलिंडर आलाय.”

“अहो, मग येऊ दे की, गाणं तर होऊ द्या,” कडू काकू म्हणाल्या.

“नको,” मॅडम म्हणाल्या. “आधी जाऊन या.”

मग त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. मी पुढच्या ओळीसाठी श्वास भरून घेत होते, मला त्यांच्याकडे बघायला सवड नव्हती.